सुलतान, तांबी आणि माझं ट्रेनिंग

आमच्या घराला चोरापेक्षा राखणदारांनी जास्त त्रास दिला. चोर बिचारा एकदाच आला, दिवसाउजेडी आला, आणि हवं ते घेऊन शांतपणे निघून गेला. राखणदार मात्र मुक्कामाला राहिले.

त्या वेळी आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी नुकताच बी.ए. झालो होतो. दोन्ही घटनांचं कळंबात सारखंच अप्रूप होतं. वडील अडत बाजारात हमाल होते. मी मॅट्रिक झालो त्याच वर्षी ते गेले. पुढचं शिक्षण आईनं लोकांची जवस-करडई पाखडून केलं. आमच्या सात पिढ्यांत सही करणारा मी पहिलाच. गावच्या हायस्कुलात मास्तरकी मिळाली, आणि हेडमास्तरांनी खटपट करून औरंगाबादला बी.एड.च्या ट्रेनिंगला माझं नाव लावलं. "जूनला हजर व्हा," ते म्हणाले. "या साली ट्रेनिंग झालं नाही तर नोकरी राहील असं समजू नका."

एवढ्यात तुळजापूरहून माझ्या सासऱ्यांचं पत्र आलं. त्यांचं तिथं देवीच्या वाटेवर नारळ-कुंकवाचं दुकान होतं. मी त्यांना मामा म्हणायचो. पत्र थोडक्यात असं होतं: तुम्ही दहा महिने औरंगाबादला, घर गावाच्या टोकाला, विहीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. घराला खात्रीची राखण असेल तर कमल राहील. नसेल तर मी मे-अखेर येऊन तिला घेऊन जाईन.

कमल म्हणजे माझी बायको. लग्नाला सहा महिने झाले होते. ती गेली तर आई एकटी. आई एकटी तर मी औरंगाबादला जाणार नाही. मी गेलो नाही तर नोकरी जाणार. म्हणजे हमालाच्या घरातलं पहिलं बी.ए. आता एका राखणदारावर अडून बसलं होतं.

"कुत्रं पाळा की," कमल म्हणाली.

"पाळायचंच तर नीट अभ्यास करून पाळू," मी म्हणालो.

इथं माझं चुकलं. शाळेच्या कपाटात कुत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. कुणी कशासाठी घेतलं होतं देव जाणे. त्यात प्रत्येक जातीचं चित्र, आणि चित्राखाली तिचे गुण. माझा छापील गोष्टीवर फार विश्वास. (छापलेलं वाचूनच मी इथवर आलो होतो.) तीन दिवस टिपणं काढून मी जाहीर केलं की अल्सेशियन ही जात शूर, एकनिष्ठ आणि अनोळखी माणसाचा संशय घेणारी आहे.

आईनं विचारलं, "कुत्र्यानं वाचलंय का ते पुस्तक?"

"आई, मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय ते."

"मोठ्या लोकांच्या दारात गुरखा असतोय, दत्तू. कुत्रं नुसतं पायापाशी बसाया असतंय."

मी ऐकलं नाही. धाराशिवला (तेव्हा कागदावर उस्मानाबाद, आई मात्र धाराशिवच म्हणायची) निजामाच्या वेळचे एक फौजदारसाहेब निवृत्त होऊन मुलाकडं हैदराबादला निघाले होते, आणि त्यांना आपला अल्सेशियन चांगल्या घरी द्यायचा होता. मी टिपणं घेऊन हजर झालो. कुत्रा थेट पुस्तकातल्या चित्रासारखा. वासराएवढं अंग, उभे कान, काळं तोंड. नाव सुलतान.

"पाँच साल में इस घर में चोरी नई हुई, मास्टर," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

फौजदाराच्या घरी चोरी करायला कोण येणार, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. तो बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हता. मी तिथं तासभर बसलो होतो, तेवढ्यात साहेबांना भेटायला चार माणसं आली. एकानं आंब्यांची पाटी आणली, एकानं तुपाचा डबा, एकानं कोंबडी, चौथ्याच्या पोत्यात काय होतं ते कळलं नाही. निरोपाच्या भेटी असतील, असं मला वाटलं. माणसं किती प्रेमळ, असंही वाटलं.

मोटारीत सुलतान खिडकीशी बसला आणि मी कळंबपर्यंत उभा राहिलो. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला, पण सुलतानला उठ म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं मलाच पुढं सरकायला सांगितलं.

पहिल्या दिवशी सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. शेजारच्या रखमाकाकू विरजण मागायला रिकामी वाटी घेऊन आल्या, तर सुलताननं असा आवाज काढला की काकू भिंतीवर चढल्या. दोन घरांमधली ती भिंत पुरुषभर उंच. त्या चढल्या कशा हे त्यांनाही पुढं सांगता आलं नाही.

"बघा," मी म्हणालो, "अनोळखी माणसाचा संशय."

"म्या अनोळखी?" काकू वरून म्हणाल्या. "तुझं नाव म्या ठिवलंय रं पाळण्यात."

मग गवळी आला, दुधाची चरवी घेऊन. सुलतान उठला, शेपूट हलवली, आणि त्याला सरळ चुलीपाशी नेऊन सोडलं. ओळखीचा वाटला असेल, मी म्हणालो. दुपारी एक सतरंजीवाला आला, पाठीवर गठ्ठा. त्यालाही मानानं आत घेतलं. मी म्हणालो, हळूहळू शिकेल. संध्याकाळी मी शाळेतून आलो, छत्री काखेत, हात मोकळे. सुलताननं मला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

"सुलतान, मी आहे!"

तो भुंकतच राहिला. आतून कमल म्हणाली, "अहो, काहीतरी हातात घ्या."

"म्हणजे काय घेऊ?"

"काहीही. आज दिवसभर बघतेय मी. ज्याच्याजवळ ओझं आहे त्याला तो पाहुणा समजतो."

तिनं भिंतीवरून एक खरबूज दिलं. मी ते छातीशी धरून आत गेलो. सुलताननं शेपूट हलवली आणि मला माझ्याच ओसरीवर बसवलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात धाराशिवच्या त्या चार भेटी जुळल्या. पाच वर्षांत त्या दारातून रिकाम्या हाताचा माणूस सुलताननं पाहिलाच नव्हता! रिकाम्या हातानं आला तो गुन्हेगार, आणि गाठोडं घेऊन आला तो सज्जन, एवढा साधा हिशेब त्याच्या मनात बसला होता. गाठोड्यात काय आहे याची चौकशी मात्र तो कधी करायचा नाही. (चांगल्या घरचे संस्कार.) पुढं शाळेला सुटी लागेपर्यंत मी रोज येताना वाटेत एक दगड रुमालात बांधून घ्यायचो. अंगणात लिंबाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात त्या दगडांचा ढीग झाला. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, बांधकाम काढलंय का.

त्यानंतर चोर आला. दुपारी आई आत पडली होती आणि कमल विहिरीवरून येत होती. तिनं दुरून पाहिलं, तर पुढं पोतं घेतलेला एक माणूस, मागं शेपूट हलवत सुलतान. दोघं फाटकापर्यंत आले. माणसानं सुलतानच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. कमलला वाटलं, सासूबाईंच्या माहेरचं कुणीतरी असेल. पदर सावरून तिनं त्याला वाट दिली. घरात आल्यावर कळलं, पितळेची घागर, तांब्याचं घंगाळ आणि माझ्या पदवीदान समारंभाचा कोट गेला.

त्याच संध्याकाळी आई कोंडवाड्यात गेली. आमच्या घरामागंच गावचा कोंडवाडा होता. मोकाट गुरं, शेरडं तिथं डांबायची आणि मालकानं येऊन सोडवायची. राखणदार नारबा तिथं एका तांबड्या कुत्रीपुढं कपाळाला हात लावून बसला होता. तिचा एक कान अर्धा होता आणि बाकीची ती सगळी हाडं होती.

"धनगराची हाय," नारबा म्हणाला. "शेरडांसंगं आत आली. त्यानं शेरडं सोडवून न्हेली, हिला टाकून गेला. आता माझ्या कागदावर गाय हाय, म्हैस हाय, गाढव हाय, शेरडू हाय. कुत्रं न्हाय. जी आत आलीच न्हाय तिला बाहेर कशी सोडू?"

"मी नेते की," आई म्हणाली.

"न्या. पर सही पाहिजे. येक शेरडू मिळालं म्हून."

आईला सही येत नव्हती. मला बोलावणं आलं. 'एक शेळी, रंग तांबडा, मिळाली,' असं लिहून मी खाली नाव लिहिलं, आणि नावापुढं, सवयीनं, बी.ए.

मला मनापासून लाज वाटली. पदवीधराच्या दारात कोंडवाड्यातलं कुत्रं! पुस्तक पुन्हा चाळलं. तिच्यासारखं एकच चित्र सापडलं, शेवटच्या पानावर, आणि ते कोल्ह्याचं होतं.

"आई, ही भुंकतसुद्धा नाही."

"तो भुंकतो तेवढं बास हाय," आई म्हणाली, आणि भाकरी कुस्करून तिच्यापुढं ठेवली. तिचं नाव पडलं तांबी.

तांबी खरंच भुंकायची नाही. ती नुसती बघायची. आई रखमाकाकूंकडं गप्पांना जाऊन बसली की थोड्या वेळानं तांबी तिथं जायची आणि पदराला धरून तिला घरी आणायची. कमल विहिरीवर रेंगाळली की तिलाही आणायची. मी बाजारात चहाला बसलो असताना माझं धोतर ओढत मला चार लोकांतून घरी आणलं. गाव म्हणायला लागलं, मास्तरांना बायकोचा धाक आहे असं वाटत होतं, पण तसं नाही.

मेअखेर जवळ आली. मामांना दाखवायचा तो सुलतानच, हे माझं ठरलेलं होतं. रिकाम्या हातानं फाटकातून आत आले की सुलतान गर्जना करणार, मामांची खात्री पटणार. अट एकच. मी पत्र लिहिलं: 'आपण येताना कृपया काहीही आणू नये. अगदी रिकाम्या हाताने यावे.' खाली दोन रेघा मारल्या.

कमलनं वाचलं आणि डोक्याला हात लावला. "असं लिहिलंत? आता ते दुप्पट आणतील."

"अगं, रेघ मारलीय ना."

"किती?"

"दोन."

"मग तिप्पट."

मामा आले ते भर दुपारी, बैलगाडीतून. गाडी भरलेली होती. लाडवांचा डबा, कमलला लुगडं, आईला घोंगडी, देवीचा प्रसाद, नारळांची दोन पोती, आणि माझ्यासाठी नवी घागर, कारण चोरीची बातमी तुळजापूरपर्यंत गेली होती. सुलताननं आयुष्यात एवढं मोठं सज्जन माणूस पाहिलं नव्हतं. त्यानं मामांच्या पायांवर लोळण घेतली. मग लाडवांचा डबा तोंडात धरून पुढं चालायला लागला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "हे राखण करतंय का वरात काढतंय?"

"मामा, जरा चुकलं. आपण असं करा, सामान गाडीत ठेवा, बाहेर जा, आणि रिकाम्या हातानं पुन्हा आत या."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "मी आणलेलं बाहेर ठेवू?"

"फक्त थोडा वेळ."

"लेकीच्या घरी रिकाम्या हातानं येऊ?"

"तसं आलात तरच तो तुमच्यावर धावून येईल ना, मामा."

मी मनापासून समजावत होतो. बोलून झाल्यावर मला जाणवलं की वाक्य नीट उतरलं नव्हतं. मामांचा चेहरा त्यांच्याच दुकानातल्या कुंकवासारखा झाला.

"कमल," ते म्हणाले, "तुझं बोचकं बांध. गाडी उभीच हाय."

मामा फाटकाकडं निघाले. मी त्यांच्यामागं. कमल दारात रडायला लागली, आई चाचपडत तिच्याकडं निघाली. चार माणसं चार दिशांना. माझं औरंगाबाद, माझी नोकरी, आईची पाखडण्याची सगळी वर्षं, त्या अंगणात विखुरली होती.

तांबीला मी सकाळपासून सरपणाच्या खोलीत कोंडलं होतं. (आई म्हणाली होती, तिला कशाला कोंडतोस. मी म्हणालो होतो, तिला सवय आहे.) त्या खोलीला तुराट्यांचा कूड होता. तो मधोमध फुटला आणि तांबी बाहेर आली. तिनं अंगणावरून एकदा नजर फिरवली. तिचा कळप फुटला होता.

ती भुंकली नाही. जमिनीला पोट लावून तीरासारखी गेली, मामांच्या पुढं आडवी झाली, आणि त्यांच्या धोतराच्या सोग्याला हलकेच दात लावले. मामा मागं सरले. आणखी सरले. मी त्यांना धरायला गेलो तर माझी पोटरी. मी लिंबाखाली मामांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मग तिनं कमलला आणलं, आईला मात्र फार हळू, कोपरानं लोटल्यासारखं आणलं. शेवटी सुलतानला आणलं, लाडवांच्या डब्यासकट. सगळी मेंढरं भिंतीच्या कोपऱ्यात जमल्यावर ती समोर पसरली आणि पुढच्या पायांवर हनुवटी ठेवली.

"आता?" मामांनी विचारलं.

"आता उभं राहायचं," आई म्हणाली. "हलू नका. मला रोजचं हाय."

मामा एकदा डावीकडून निघाले, एकदा उजवीकडून. दोन्हीकडून परत आले. ऊन मरणाचं होतं. तासाभरानं त्यांच्या घशाला कोरड पडली.

"आप्पा, पाणी देऊ? माठ त्या ओसरीवर आहे. ती मला जाऊ देईल कदाचित," कमल म्हणाली.

"नातू होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी पिणार न्हाय. आमच्यात चालत न्हाय."

भिंतीवरून रखमाकाकूंचं डोकं वर आलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "माझ्या घरचं चालंल का, पाव्हणं?"

मामांनी विचार केला. "पाणी तुमचं. पर उभा तर मी लेकीच्या अंगणात हाय."

"मग मुंडकं इकडं करा."

मामा दगडांच्या ढिगावर चढले, भिंतीवरून मान पलीकडं काढली, आणि पाय लेकीच्या घरी, तोंड रखमाकाकूंच्या घरी, असे तांब्याभर पाणी प्याले. तांबी उठली नाही. कळप पाणी पितो, हे तिला माहीत होतं.

पाणी पिऊन मामा शांत झाले. त्यांनी तांबीला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "जावईबापू, हिची जात कोणची?"

मी खोटं बोलू शकलो नाही. "मामा, कागदोपत्री शेळी."

आई हसायला लागली. मग कमल. मामांनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण शेवटी त्या दगडांच्या ढिगावरच बसून हसले.

"त्या तुमच्या विलायती बादशहानं घरातलं बाहेर घालवलं," ते म्हणाले. "हिनं बाहेरचा माणूस घरात बांधून ठिवला. दहा महिने काय, दहा वर्षं जा. कमल हितंच राहील. इच्छा असली तरी तिला जाता येणार न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर तांबी गुरगुरली. वाकताना मी रांगेतून बाहेर गेलो होतो.

पण घोळ इथून पुढं वाढला. तांबीच्या डोक्यात त्या दिवशी चार माणसं बसली. मामांना दुसऱ्या दिवशी जायचं होतं; ते वेशीवरून परत आणले गेले. तिसऱ्या दिवशी तेच. पाणी, जेवण सगळं भिंतीवरून. चौथ्या दिवशी मला औरंगाबादची मोटार धरायची होती. मी ट्रंक घेऊन निघालो आणि पाणंदीतून परत आलो. पुन्हा निघालो, परत आलो. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा मोटारीचा भोंगा ऐकू येत होता. मामा म्हणाले, "राखण जरा जास्तच खात्रीची झाली."

शेवटी नारबाला बोलावलं. त्यानं तांबीकडं पाहिलं, मग आम्हांला मोजलं.

"मेंढरी कुत्रं हाय. तिला मोजदाद लागती. येक भाईर काढा, येक आत घाला."

"आत कुणाला घालू?" मी म्हणालो.

रखमाकाकू विरजणाची वाटी घेऊन भिंतीवरून उतरल्या आणि माझ्या जागेवर येऊन बसल्या. तांबीनं मान वळवली. एक, दोन, तीन, चार. आणि डोळे मिटले. मी फाटकाबाहेर गेलो. मागं वळून पाहिलं, तिनं मान वर केली नाही. एका बी.ए.च्या बदल्यात विरजण मागायला आलेलं माणूस तिला बिनतक्रार चाललं.

(मामांनी स्वतःच्या सुटकेसाठी तुळजापूरहून माझ्या सासूबाईंना बोलावून घेतलं. जाताना ते सुलतानला घेऊन गेले. देवीला रिकाम्या हातानं निघालेल्या माणसावर तो दुकानासमोर असा भुंकायचा की लोक मुकाट्यानं नारळ घ्यायचे.)

औरंगाबादला मी मन लावून अभ्यास केला. पहिला पाठ चांगला झाला असं मला वाटलं. मी फळ्यावर नकाशा काढला, नद्या निळ्या केल्या. तपासनिसांचा शेरा आला: 'शिक्षकांचे वर्गाकडे लक्ष नाही. पाठ चालू असताना सात मुले मागील दाराने निघून गेली.' असाच आणखी एक शेरा आला असता तर मला घरी पाठवणार होते.

दुसऱ्या पाठाला मी फळ्याकडं गेलोच नाही. दारात आडवा उभा राहिलो. आवाज चढवला नाही. नुसतं एकेका पोराकडं बघत राहिलो. एकानं दप्तराला हात घातला, तशी मी दोन पावलं त्याच्या बाजूला सरकलो. त्यानं हात काढून घेतला. तास संपला तेव्हा मी पोरं मोजली. सगळी होती. शेरा आला: 'वर्गावर उत्तम ताबा.'

पुढं तीस वर्षं मी मास्तरकी केली. माझा वर्ग कधी फुटला नाही. निरोप समारंभात एका तरुण शिक्षकानं सर्वांसमोर विचारलं, "सर, हा ताबा आपण कुठं शिकलात?"

घसा खाकरून मी ट्रेनिंग कॉलेजचं नाव सांगितलं.